अंदमानचे ऊन आणि आपला कॅमेरा

आमच्या शेजारचे एक तरुण दांपत्य येत्या नाताळच्या सुट्टीत अंदमानास जावयाचे आहे. परवा रात्री जेवणे आटोपल्यावर उभयता आली आणि विचारती झाली, "सर, कॅमेरा कोणता न्यावा?" मी म्हणालो, "घरात असेल तो न्या, मोबाइलही पुरे. मात्र तिथले ऊन आधी समजून घ्या." हे सांगण्याचा अधिकार मला माझ्याच चुकीने दिला आहे.

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो होतो. बरोबर वडील होते, वय ७८. सेल्युलर तुरुंग एकदा डोळ्यांनी पाहावा, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. सावरकर १९११ साली ज्या तुरुंगात आले, तेथील त्यांच्या कोठडीत वडील काही वेळ निःशब्द उभे राहिले. मी कोठडीच्या आतल्या भिंतीशी गेलो, त्यांना गजांच्या दारापाशी उभे केले आणि कळ दाबली. मागे माणसांची रांग होती, म्हणून चित्र कसे आले ते पाहिलेही नाही. इंदुरास परतल्यावर पाहिले, तो दाराचे गज लख्ख आणि वडिलांचा चेहरा काजळासारखा काळा! २०१७ साली ते गेले.

म्हणून त्या दोघांना प्रथम हेच सांगितले : कोठडीत दाराकडे पाठ आपली असावी, माणूस आत उभा करून त्याचे तोंड दाराकडे असावे. दारातून येणारा उजेड मऊ असतो, तो चेहऱ्यावर छान उतरतो. आपण किंचित बाजूस सरावे, म्हणजे आपलीच सावली आड येत नाही.

समुद्रकाठीही हाच घोटाळा होतो. पांढरी वाळू, चकाकते पाणी आणि उजळ आकाश पाहून यंत्र आपणहून प्रकाश आखडता घेते व माणसे काळवंडतात. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे ते चेहऱ्याचा हिशेब धरते.

यानंतर घड्याळ. इंदूर आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम्) यांच्या रेखांशांत सुमारे १७ अंशांचे अंतर आहे. दर अंशास चार मिनिटे धरली, तर सूर्य तेथे आपल्यापेक्षा तासाहून अधिक आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! डिसेंबरअखेर तेथे सव्वाअकराच्या सुमारास माध्यान्ह होते आणि पाचच्या सुमारास सूर्यास्त. दुपारची झोप आणि चहा आटोपून साडेपाचला किनाऱ्यावर जाणाऱ्यास अंधार भेटतो. आम्हांस पहिल्या दिवशी तोच भेटला. हॅवलॉक बेटावरील (२०१८ पासून स्वराज द्वीप) राधानगर किनारा पश्चिमाभिमुख आहे. तेथे चारलाच पोहोचावे. नील बेटावरील, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावरील, खडकाची नैसर्गिक कमान पाहावयाची तर आधी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की भिंगावर वाफ धरते. बाहेर पडण्यापूर्वी अर्धा तास तो पिशवीत बंद करून उबदार जागी ठेवावा. भिंगावर वाळू वा खारे तुषार उडाले, तर साडीच्या पदराने खसाखसा पुसू नये, चरे पडतात. आधी वाळू फुंकून उडवावी, मग ओलसर मऊ फडक्याने अलगद टिपून घ्यावे.

बाराटांगच्या वाटेवर रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तेथे आदिवासींची छायाचित्रे घेण्यास कायद्याने बंदी आहे. जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ साली उघडकीस आली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते : आपल्या अंगणात कोणी परका मोटार थांबवून आपल्या लेकीसुनांची चित्रे घेऊ लागला, तर आपण काय करू? त्या वाटेवर कॅमेरा पिशवीच्या तळाशी असावा आणि मोबाइल खिशात.

निघताना त्या मुलीने विचारले, "सर, मग आजोबांचे तिथले चांगले चित्र एकही नाही?" एक आहे. आमच्या सौभाग्यवतींनी बोटीवर घेतलेले. वडील पाठमोरे, एक हात कठड्यावर, दुसरा डोक्यावर, वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून. बैठकीत दाराच्या उजव्या हातास लावले आहे, तिला दाखविले.