हौशे, नवशे, गवशे आणि जंगलाची मासिकं

छंदाचं मासिक काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो की बाबा, लिहायचं कुणासाठी? कालच दुर्बीण घेतलेल्यासाठी, की वीस वर्षं जंगल तुडवलेल्यासाठी? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. 'हॅलो वर्ल्ड' शिकवणारं ट्युटोरियल सीनियर उघडत नाही, आणि रेफरन्स मॅन्युअल फ्रेशरच्या डोक्यावरून जातं. मधल्या पायऱ्यांबद्दल कुणीच लिहीत नाही.

आता आपल्या चंद्रपूरचं बघा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासकट व्याघ्र प्रकल्प. लाँग वीकेंड आला की पुण्या-मुंबईची निम्मी आयटी जनता तिथे (अतिशयोक्ती चालवून घ्या). निघायच्या आधी ही मंडळी वन्यजीवांवरचा एखादा चकचकीत अंक चाळतात. मुखपृष्ठावर वाघ. आत कोणत्या महिन्यात कोणत्या गेटने जावं, कोणत्या रिसॉर्टमध्ये राहावं आणि शेवटी लेन्सची तुलना. म्हणजे नवख्याला वाघ, मुरलेल्याला लेन्स. दोघंही खूश, पण जंगल कुणालाच एक इंचही जास्त कळलेलं नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे दोन वेगळी प्रकाशनं काढणं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेच केलंय. त्यांचं जर्नल १८८६ पासून निघतंय, ते अभ्यासकांसाठी. 'हॉर्नबिल' हे त्रैमासिक हौशी सभासदांसाठी. व्यवस्था चोख आहे, तक्रार नाही. फक्त एका जिन्यावरून दुसऱ्यावर उडी कशी मारायची, ते ज्याचं त्याने बघायचं!

मला जास्त आवडतो तो तिसरा प्रकार. १९६० च्या सुमारास जफर फतेहअलींनी मुंबईतून 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेली साधी पानं. गंमत अशी की त्यात सलीम अलींसारखा माणूसही लिहायचा आणि अंगणातलं घरटं बघणारा कुणी हौशीही. नवख्याला कळायचं की नोंद कशी करतात, आणि जाणकाराला एकट्याने कधीच मिळाली नसती अशी ठिकठिकाणची माहिती घरबसल्या मिळायची. माझ्या मते चांगल्या मासिकाची खरी परीक्षा हीच. ते नवख्याला नुसतं शिकवत नाही, जाणकाराच्या उपयोगी पडेल असा बनवतं.

नोंद म्हणजे काय एवढं, असं वाटत असेल तर रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडलंच नव्हतं. मधली १९१४ सालची गुजरातची एक नोंद होती, ती मायनर्ट्झहागेन या नामांकित तज्ज्ञाची. पुढे उघड झालं की ती बनावट होती. जुना नमुना उचलून त्यावर नवं लेबल चिकटवलेलं! पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, अस्सल जुन्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. मोठ्या माणसाची खोटी नोंद सगळ्यांना भलतीकडे नेते, आणि साध्या माणसाची तारीख-ठिकाणासकट खरी नोंद शंभर वर्षांनीही कामाला येते. (डेटा एन्ट्रीला हसणाऱ्यांनी लक्ष द्यावं. :) )

आता खरा मुद्दा. चंद्रपूर-गडचिरोलीत या खेळातला सगळ्यात मुरलेला गडी कोण? गेटवरचा गाइड, वनरक्षक, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला जाणारी बाई. पण ही मासिकं बहुतेक इंग्रजीत. ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे तो ना त्यांचा वाचक, ना लेखक. फार तर फोटोत जिप्सीच्या पुढच्या सीटवर पाठमोरा. आणि त्याच्यासाठी हा छंद नाहीच. चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. वाघ काल कुठे दिसला, ही आपल्याकडे फेसबुकची पोस्ट असते, त्यांच्याकडे उद्या रानात जायचं की नाही याचा निर्णय. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्ती आले, ते आधी गावकऱ्यांच्या धानात दिसले, मग बातमीत.

हे मराठीत जमतं, हे मारुती चितमपल्लींनी दाखवून दिलंय. वनखात्यात नोकरी करताना ते आदिवासींकडून शिकले, आणि त्यातून 'पक्षिकोश'सारखं काम उभं राहिलं. बगळे-करकोच्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार' हा शब्द त्यांचाच. २०२५ मध्ये ते गेले. आता त्या वाटेने पुढे जाणारं मासिक हवं.

आणि फार काही लागत नाही हो. पक्षी कोणता हे सांगायला आता मर्लिनसारखं ॲप आहे, त्यामुळे ओळखपरेडीची पानं मोकळी झाली. त्या जागी एक पान नोंदींचं ठेवा: तारीख, ठिकाण, काय दिसलं, काय करत होतं. पहिल्यांदा गेलेल्याची नोंद गाइडच्या नोंदीशेजारी, त्याच टायपात, मराठीत. खाली जाणकाराच्या दोन ओळी, की हे असं का असावं. गाइडला नावासह मानधन द्या. आपण डॉक्टरला फी देतोच ना?

असं मासिक निघेल तेव्हा निघेल. तोवर पुढच्या सफारीला वाघ दिसला नाही तर कुरकुरू नका. गाइडदादांना विचारा, आज तुम्हाला नवीन काय दिसलं? आणि ते सांगतील ते तारखेसकट लिहून घ्या.