बेंजामिनला वाचता येत होते

समाजवादाचा विषय निघाला की एक पुस्तक हमखास तोंडावर फेकले जाते. जॉर्ज ऑर्वेलचे 1945 सालचे 'ॲनिमल फार्म'. "बघा, समतेच्या गप्पांचे शेवटी हेच होते!" असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते नीट वाचले आहे, हा प्रश्नच आहे. प्राण्यांच्या त्या राज्याचा इतिहास क्रमाने पाहिला तर ते समतेमुळे बुडालेले दिसत नाही. ते अक्षरांच्या मक्तेदारीमुळे बुडाले.

मालक जोन्सला हाकलल्यावर भिंतीवर सात आज्ञा रंगवल्या गेल्या. तीच त्या राज्याची घटना. लिहिली कोणी? डुकरांनी. मालकाच्या मुलांच्या टाकून दिलेल्या पुस्तकावरून ती आधीच वाचायला शिकून बसली होती. पुढे सगळ्यांसाठी वर्ग निघाले हे खरे, पण राबणारा बॉक्सर घोडा चार अक्षरांपुढे गेला नाही. मेंढ्या-कोंबड्यांना आज्ञा पाठ होईनात, म्हणून त्यांना एक घोषणा करून दिली. घटना डुकरांकडे आणि घोषणा मेंढ्यांकडे! (आपल्या मोर्च्यांत घोषणा देणाऱ्या किती जणांनी संविधान उघडून पाहिले आहे, हेही एकदा विचारून बघावे.)

दूध आणि सफरचंदे डुकरांनी पहिल्याच हंगामात स्वतःकडे ठेवली. कारण काय, तर ती डोक्याचे काम करतात. डोके चालवणारे वर आणि अंगमेहनत करणारे खाली, ही वाटणी आपल्याला ऑर्वेलकडून शिकायची गरज नाही. मग स्नोबॉलवर कुत्रे सोडले, रविवारच्या सभा बंद केल्या. प्रजासत्ताक जाहीर झाले तेव्हा अध्यक्षपदाला उमेदवार एकच होता, नेपोलियन. भिंतीवरची आज्ञा बदलायला ना बहुमत लागे, ना न्यायालय आड येई. एक शिडी आणि रंगाचा डबा पुरे.

बाबासाहेबांनीही 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये समाजवादी राज्याचाच आराखडा मांडला होता. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याकडे, शेतजमीन राज्याच्या मालकीची, ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांनी सामुदायिकपणे कसायची. पण हे सारे त्यांना घटनेतच हवे होते, म्हणजे उद्याचे बहुमत ते मोडणार नाही आणि ते आणायला हुकूमशहाही लागणार नाही. तो आराखडा आपल्या संविधानात आला नाही. समाजवाद म्हणजे ॲनिमल फार्म असे सांगणारे त्याचे नावही काढत नाहीत.

तरीही मला त्या कथेत नेपोलियनपेक्षा बेंजामिन गाढव जास्त टोचते. त्याला डुकरांइतकेच उत्तम वाचता येत होते. पण वाचण्यासारखे आहेच काय, असे म्हणून ते गप्प राहिले. आज्ञा बदलल्याचा संशय येऊन क्लोव्हर घोडी त्याच्याकडे वाचून घ्यायला आली, तर असल्या भानगडीत मी पडत नाही, म्हणाले. 1956 साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांनीच आपल्याला दगा दिल्याची खंत बोलून दाखवली. ती ज्यांच्याबद्दल होती, ते बेंजामिनच. नोकरी, फ्लॅट, मुलांचे इंग्रजी शाळेतले प्रवेश झाले, आता कशाला भानगडीत पडायचे?

बेंजामिन एकदा ओरडून वाचते. थकलेल्या बॉक्सरला दवाखान्याच्या नावाखाली नेणाऱ्या गाडीवर खाटकाचे नाव असते तेव्हा. तेवढ्यात गाडी निघून जाते. पुढे ती गाडी डॉक्टरनेच विकत घेतली आहे, नाव पुसायचे राहिले, अशी थाप मारली जाते आणि सगळे प्राणी निश्चिंत होतात. तेव्हा बेंजामिन काही बोलल्याचे ऑर्वेलने लिहिलेले नाही.