खलीलच्या शहरातला दस्तरखान

नमाजमध्ये आपण रोज दरूदे इब्राहीम पढतो. त्यात ज्यांचे नाव येते, त्या हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांची कबर कोठे आहे, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा. परंपरेने ती पॅलेस्टाइनमधील अल-खलील शहरात मानली जाते. नकाशात या शहराचे नाव हेब्रॉन असे सापडेल.

बैतुल मुकद्दसच्या जियारतीचा बेत करणाऱ्यांनी अल-खलीलसाठी एक दिवस राखून ठेवावा. अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे चाकणहून पुणे स्टेशन जेवढे, साधारण तेवढेच. मात्र वाटेत तपासनाके लागतात, म्हणून पासपोर्ट हाताशी असावा. ऑक्टोबर २०२३ पासून तेथील परिस्थिती सतत बदलते आहे. भारत सरकारच्या प्रवाससूचना पाहूनच तिकीट काढावे.

मशिदीच्या भोवतीचा दगडी कोट सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. आत १०९१ साली बनलेला लाकडी मिंबर आहे. हजरत इसहाक आणि हजरत याकूब यांच्या कबरीही येथेच मानल्या जातात. यहुदी लोकांनाही ही जागा तितकीच पवित्र आहे.

या शहराने फार सोसले आहे. १९२९ च्या दंगलीत येथे ६७ यहुदी मारले गेले. त्या वेळी कित्येकांना मुस्लिम शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून वाचवले. १९६७ पासून शहर इस्रायलच्या ताब्यात गेले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानमध्ये फजरच्या नमाजेत एका यहुदी वसाहतवाल्याने गोळीबार केला. २९ नमाजी शहीद झाले. त्यानंतर वास्तूची विभागणी झाली. आज एका भागात मशीद आहे, दुसऱ्यात यहुदी प्रार्थनास्थळ. नमाजला जाणाऱ्याला झडती देऊनच आत जावे लागते. जवळच्या शुहदा रस्त्यावरची दुकाने वर्षानुवर्षे बंद आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले आणि धोक्यातील वारशांच्या यादीतही घातले.

अशा शहरात मशिदीजवळ एक तकिया आहे. तेथे शतकानुशतके गरिबांसाठी अन्न शिजते आणि ते फुकट वाटले जाते. रमजानमध्ये तर मोठी रांग लागते. अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेले वासरू ठेवणाऱ्या हजरत इब्राहीम यांची ही मेहमाननवाजी तेथील लोकांनी कठीण काळातही जपली आहे.

जियारत कधी घडेल, हे अल्लाहच्या हाती. पण चाकण-भोसरीच्या खोल्यांत घरापासून दूर राहणारे, हाताने स्वयंपाक करून पाळीला जाणारे कितीतरी कामगार आपल्या गल्लीतच आहेत. येत्या ईदला त्यांच्यापैकी दोघांना तरी जेवायला बोलवा. मुलांना इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांची गोष्ट सांगायची, तर ती त्याच दस्तरखानावर सांगा.