पाणी किती, की केव्हा?

बोलिव्हियाच्या दक्षिणेकडील उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटरवर, किनोआ हे धान्य पिकते. पाऊस वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोआचे म्हणून पाळले, आणि ‘पाण्यावाचून येणारे पीक’ अशी त्याची ख्याती झाली. माझ्या मते ही स्तुती फसवी आहे.

किनोआ काटक आहे, यात शंका नाही. ताण पडताच ते पानांवरील रंध्रे मिटून घेते व बाष्पोच्छ्वास कमी करते. पाने वाढण्याच्या काळातला ताण ते बरेचसे सोसते. परंतु रोप रुजताना, फुलोऱ्यात आणि दाणा दुधात असताना पाणी तुटले, तर उत्पन्न घटते. म्हणून त्या पठारावरील प्रयोगांत थोडे पाणी याच अवस्थांसाठी राखून ठेवले. पूर्ण ओलिताच्या निम्म्या पाण्यातही उत्पन्न बऱ्यापैकी टिकले.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, ‘या पिकाला पाणी किती लागते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘केव्हा लागते?’ हेही विचारा. आपल्या ज्वारीलाही पोटरीत असताना मिळालेले एक पाणी तारून नेते. पीक कितीही काटक असो, पाण्याची वेळ माणसालाच साधावी लागते.