आधी गावठाण, मग गिरिस्थान

सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या 235 गावांचं नियोजन सरकारने रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं. तिथे उभ्या राहायच्या ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थानाच्या आराखड्याचा मसुदा 2024 मध्ये जाहीर झाला. तेव्हापासून डोंगरातल्या माणसाने शंका काढली की एकच उत्तर येतं : तुम्हाला विकासच नको.

हा आरोप खोटा आहे. पाटण-जावळीतल्या घराघरांतून माणसं माथाडी कामाला मुंबईत गेली. पोटापाण्याचा प्रश्न त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. पण जमीन विकून झाल्यावर त्याच जमिनीवरच्या बंगल्याची रखवाली मिळते, तिला रोजगार म्हणायला मी तयार नाही. बरं, गावातल्या मुलाला वेगळं घर बांधायचं तर गावठाण वाढलेलं नाही. कोयना धरणाच्या पाण्याने वर ढकललेली कित्येक कुटुंबं तर साठ वर्षांनंतरही स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्यासाठी खेटे घालताहेत. त्यांच्या घराला जागा सापडत नाही आणि पर्यटकांच्या बंगल्यांसाठी मात्र आराखडा तयार होतो, हे कसं पटावं?

दुसरा मुद्दा वजनदार आहे. नियोजन केलं नाही तर सातारा-कास रस्त्यावर झाली तशी वाटेल तिथे बांधकामं होतील, असं समर्थक म्हणतात. खरं आहे; गावकऱ्यांनाही नियोजन हवंच आहे. पण महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तरी तिथली बेकायदा बांधकामं थांबली नाहीत. नियम कागदावर असून भागत नाही. तो मोडताना पाहणाऱ्या गावाच्या हातात काही अधिकार लागतो. इथे गावाच्या वाट्याला येते ती हरकतींची महिनाभराची मुदत.

आणि डोंगराचं काय? जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे डोंगराचा सपाट माथा, पावसाळाभर पाणी पितो. ते खाली, जिथे जांभा संपून चिकट माती लागते तिथे, झऱ्याने बाहेर येतं. काळ्या प्लॅस्टिकच्या नळीने उताराउताराने ते वाडीच्या टाकीत आणलेलं असतं. चैत्रात धार करंगळीएवढी होते, हंडा भरायला बायका पाळी लावून बसतात. सड्यावर रिसॉर्टची बोअर पडली की पहिली आटते ती हीच धार. उतारावर रस्त्यासाठी जेसीबीने पायथा कापला, तर वरची ओली माती कशाच्या आधाराने थांबणार? 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींखाली माणसं गाडली गेली. तोच पाटण तालुका या आराखड्यात आहे.

सांगलीकरांनी हा साताऱ्याचा प्रश्न समजू नये. या डोंगरातलं पाणी कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखाली येतं. ऑगस्ट 2019 मध्ये तिथे पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. उघडा पडलेला उतार पाऊस धरून ठेवत नाही, गाळासकट खाली सोडतो.

मग करायचं काय? उत्तर याच डोंगरांत आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे. भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या प्रवेशशुल्क घेतात, तिथली पोरं गाइड म्हणून उभी राहतात. बामणोली-तापोळ्याला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर स्थानिकांचे बोट क्लब चालतात. जमीन गावाचीच राहिली आणि पर्यटनही झालं. घरगुती निवास, शेतातली नाचणी-वरई, वाटाड्या यांना आराखड्यात पहिली जागा द्या.

त्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. झरे, दरडीचे उतार आणि वनसदृश जमिनी गटनंबरांसह नकाशावर आणा आणि तो मराठी नकाशा प्रत्येक चावडीवर लावा. प्रकल्पग्रस्तांचे सातबारे आणि वाड्यांचं वाढीव गावठाण मंजूर करा. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सड्यावर किंवा उतारावर एकही बिगरशेती परवानगी देऊ नका. एवढं होईपर्यंत मसुद्याला अंतिम मंजुरी मिळता कामा नये, आणि ही मागणी साताऱ्याबरोबर सांगलीच्या आमदार-खासदारांनीही विधानसभेत, लोकसभेत लावून धरली पाहिजे.