इंजिन स्वस्त, बाकी महाग

यूट्यूबवर तुम्हीही बघितलं असेल. अमेरिकेतला कुणी पोरगा भंगारवाल्याकडून शेव्हर्ले सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन उचलतो आणि जुन्या एस-१० पिकअपमध्ये बसवतो. त्या पिकअपला कंपनीने दिलेलं इंजिन चार किंवा सहा सिलिंडरचं. वीस मिनिटांच्या व्हिडिओत गाडी टायरचा धूर काढत सुटते. भारीच!

हेच इंजिन का? १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस घराण्यातलं ते. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकमध्ये; म्हणून व्ही-८ असूनही आटोपशीर. ट्रकमध्ये सर्रास वापरल्यामुळे भंगारातही ढिगाने मिळतं.

पण बिलं बघा. माउंटिंग, वायरिंग, ईसीयू, जास्त दाबाचा फ्युएल पंप, मोठा रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट... आणि ब्रेक? पैसे उरले तर! मला तर वाटतं, बजेटची पहिली ओळच ब्रेकची हवी. गाडीची ताकद दुप्पट करून थांबायची सोय जुनीच ठेवणाऱ्याला हौशी तरी कसं म्हणायचं?

तिकडेही रान मोकळं नाही. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्याच सालाचं किंवा त्यानंतरचं लागतं, प्रदूषण रोखणारे सगळे भागही जागेवर हवेत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळंच. काकांच्या जुन्या पिकअपवर डोळा असेल, तर गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओत चक्कर मारा.