नळी मऊ की कडक?

राणीसावरगावच्या एका भगिनीने विचारले आहे : टेस्ट ट्यूब बेबीची पहिली खेप वाया गेली, दुसऱ्या वेळी महागडी नळी घेतली तर गुण येईल का?

ताई, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून अशी मुलगी जन्मली. तेव्हापासून साधने सुधारली. मऊ नळीने कडक नळीपेक्षा यश अधिक, असे अभ्यास सांगतात. कडक टोक अस्तराला लागले की रक्त येते, गर्भाशय आकसते. मात्र पिशवीचे तोंड वाकडे असेल तर मऊ नळी आत शिरत नाही. म्हणून आधी रिकाम्या नळीने तालीम करतात. ती करणार का, सोनोग्राफीत बघत गर्भ सोडणार का, हे विचारा.

जाऊबाई "पिशवीच खराब" म्हणतात, असेही लिहिलेत. पुष्कळदा गर्भच वाढत नाही. त्यात दोष ना नळीचा, ना तुमचा. शेत गहाण टाकण्याआधी एवढे विचारून या.